पट्ट्यांच्या मधला सूर

आपल्या गाण्यात सा कुठेही मांडता येतो, आणि या मोकळेपणामुळेच चुकीच्या वेगानं वाजणारं रेकॉर्डिंग आपल्याकडे वर्षानुवर्षं खपून जातं. भूप पांढरी एकमध्ये गायला तरी भूप, काळी पाचमध्ये गायला तरी भूपच. सगळे सूर एकाच प्रमाणात वर सरकले किंवा खाली उतरले, तरी त्यांची आपसातली नाती जिथल्या तिथं राहतात. षड्जापासून गंधार जेवढा लांब होता तेवढाच लांब असतो. ऐकणाऱ्याला राग ओळखू येतो, बंदिश ओळखू येते, सम जागेवर पडते. मग तक्रार कशाबद्दल करायची? राग सुखरूप असतो. बदललेला असतो तो गाणारा माणूस. आणि तो माणूस आपण कधी समोर बसून ऐकलेला नसेल, तर तो बदलला आहे हे आपल्याला कळणार तरी कसं?

जळगावात राहून मी जुन्या रेकॉर्डिंगची डागडुजी करतो. पोटापाण्याचा उद्योग नाही हा. एक कॉम्प्युटर, बरे हेडफोन आणि घरातली जुनी पेटी एवढंच भांडवल. लोक पेन ड्राइव्ह आणतात, सीड्या आणतात, कधी व्हिडिओ कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या कॅसेटा आणतात. कुणाच्या वडिलांचं कीर्तन असतं, कुणाच्या लग्नातली बैठक, कुणाच्या गल्लीतल्या गणपतीपुढचं गाणं. सगळ्यांची मागणी एकच असते, ‘जरा साफ करून द्या’. साफ म्हणजे खरखर काढून, शिट्टी काढून, मधेच खोकणारा माणूस काढून. ‘वेग तपासून द्या’ असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

असोद्याहून आलेल्या सीडीचंही तेच. असोदा म्हणजे जळगावच्या वेशीला लागलेलं गाव. भरताची वांगी आणि बहिणाबाईंचं माहेर, या दोन गोष्टींनी ते ओळखलं जातं. सीडीवर गावातल्या हरिनाम सप्ताहातलं भजन होतं. गाणारे बुवा जाऊन बराच काळ लोटला होता. गाव त्यांना नाना म्हणायचं. इथंही नानाच म्हणू. सीडी घेऊन आलेला त्यांचा पुतण्या. सप्ताहाचं शूटिंग झालं होतं, त्या व्हिडिओतून कुणीतरी नुसता आवाज काढून सीडी करून दिली होती, मूळ कॅसेट कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘भाऊ, टाळ फार कडक येतात, तेवढे कमी करा,’ एवढंच त्याचं म्हणणं.

ऐकायला बसलो. नाना संथ गात होते. आवाज खोल, भरदार, जरासा थकलेला. पखवाजाची थाप जड पडत होती, टाळांचा नाद लांबत होता. अभंग इतका सावकाश चालला होता, की प्रत्येक चरणानंतर माणूस विचार करतोय असं वाटावं. मला ते आवडलं, हे सांगितलं पाहिजे. सवयीनं मी पेटी पुढं ओढली आणि नानांचा सा शोधायला लागलो. पांढरी तीन धरली तर नाना तिच्या खाली. काळी दोन धरली तर तिच्या वर. बरोबर दोन पट्ट्यांच्या मधे ते उभे होते. नुसता गळा असता तर समजू शकलो असतो, गळ्याला पट्ट्या नसतात. पण साथीला पेटी होती, आणि ती पेटीही नानांच्या बरोबरीनं त्याच मधल्या जागेवर वाजत होती. पेट्या उतरतात हे खरं. जुन्या पेटीत एखादा सूर इकडं, एखादा तिकडं सरकलेला असतो. पण सगळ्या पट्ट्या एकसारख्या, अर्ध्या पट्टीनं उतरलेल्या अशी पेटी मी तरी पाहिलेली नाही.

दुसरा साक्षीदार विजेचा होता. मंडपात कर्णे लावले, की त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरची एक बारीक घुमघुम रेकॉर्डिंगमध्ये उतरतेच. साउंडवाले तिला ‘हम’ म्हणतात आणि आयुष्यभर तिच्या नावानं बोटं मोडतात. मला ती फार उपयोगी पडते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, त्यात किंचित वरखाली होतं इतकंच. त्यामुळं ही घुमघुम ५० हर्ट्झवर किंवा तिच्या दुपटीवर, १०० वर, सापडायला हवी. जनरेटर असेल तर गोष्ट वेगळी, त्याचा भरवसा नाही. नानांच्या सीडीत ती होती ४६ च्या जरा खाली, आणि पूर्ण वेळ तिथंच ठाम. जनरेटर एवढा स्थिर राहत नाही. ५० ला ४८,००० नं भागून ४४,१०० नं गुणलं की ४५.९४ येतात. उलगडा झाला. कॅमेऱ्यानं ४८,००० च्या दरानं टिपलेला आवाज कुणीतरी ४४,१०० चा समजून सीडीवर चढवला होता.

हा दर काय असतो? डिजिटल यंत्र आवाज सलग साठवत नाही. हवेचा दाब ठरावीक अंतरानं मोजत जातं आणि आकडे लिहून ठेवतं. सेकंदाला किती वेळा मोजायचं, तो सॅम्पल रेट. माणसाला ऐकू येतो तो सगळ्यात बारीक सूर साधारण २०,००० हर्ट्झचा, आणि कुठलीही लहर पुन्हा उभी करायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. हॅरी नायक्विस्टनं १९२८ साली आणि क्लॉड शॅननं १९४९ साली लिहिलेल्या निबंधांतून हा नियम पक्का झाला. म्हणून चाळीस हजारांच्या थोडं वर काहीतरी हवं. फाइलमध्ये आकडे असतात आणि सुरुवातीला एक नोंद असते, की हे आकडे अमुक दरानं वाचा. नानांच्या बाबतीत पोत्यातलं धान्य अस्सल होतं, पोत्यावरची चिठ्ठी तेवढी दुसऱ्याची होती. सेकंदाला ४८,००० आकडे खर्च व्हायचे तिथं यंत्र ४४,१०० च खर्चत होतं. म्हणून साठ मिनिटांच्या भजनाची पासष्ट मिनिटांहून जास्त झाली होती, आणि सूर जवळजवळ दीड पट्टी उतरला होता.

दुरुस्ती म्हणाल तर हास्यास्पद म्हणावी इतकी लहान. साध्या वेव्ह फाइलच्या पहिल्या ४४ बाइट्समध्ये तिची जन्मपत्रिका असते, आणि पंचवीस ते अठ्ठावीस या चार बाइट्समध्ये दर लिहिलेला असतो. ४४,१०० चे ४८,००० करायचे तर त्या चारांतल्या दोनच बदलतात. ऑडॅसिटीसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही ट्रॅकच्या मेनूतून दर बदलला की काम होतं. मात्र इथं लोक एक गफलत करतात. दर ‘बदलणं’ आणि दर ‘रूपांतरित करणं’ ही दोन निराळी कामं आहेत. रूपांतर केलं, तर सॉफ्टवेअर नवे आकडे हिशेबानं तयार करतं आणि आवाज होता तसाच, म्हणजे चुकीचाच, ठेवतं. इथं आकड्यांना हात लावायचाच नसतो, नोंद तेवढी खरी करायची. आणखी एक मोह म्हणजे सूर न हलवता वेग वाढवणारी किंवा वेग न हलवता सूर चढवणारी साधनं. ती करामती असतात, पण या दुखण्यात सूर आणि वेग एकाच कारणानं एकत्र पडलेले असतात, त्यांना एकत्रच उठवायचं. खरखर काढायची ती यानंतर. आधी काढली, तर ५० ची घुमघुम शोधणारं यंत्र ४६ वाली घुमघुम सोडून देतं आणि नानांच्या खर्जातलं काहीतरी घेऊन जातं.

नोंद बदलली. नाना पांढरी चारमध्ये आले, पेटी पट्टीवर आली, घुमघुम ५० वर बसली. आणि माझ्या खोलीत एक वेगळाच माणूस गायला लागला. तरतरीत, किंचित उतावळा, चरण संपता संपता पुढचा उचलणारा. फक्त सूर चढला असं नव्हतं. आवाजाचा दर चुकला, की स्वरांचे उच्चारही सरकतात. ‘आ’, ‘ओ’ यांना जो घुमारा घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीतून मिळतो तोही त्याच प्रमाणात खाली जातो. गाणाऱ्याचा घसा जणू आठ-नऊ टक्क्यांनी लांब होतो. सीडीवरचे नाना धिप्पाड होते, वयस्क होते. दुरुस्त नाना पन्नाशीतले आणि अंगानं सडपातळ वाटले.

पुतण्यानं ऐकलं आणि तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘हे नाना वाटत नाहीत हो.’ नाना गेले तेव्हा तो शाळेत होता. नानांचं गाणं त्याच्यासाठी म्हणजे ती सीडी. दर वर्षी श्राद्धाला घरात वाजणारी, गंभीर, संथ. त्याला मी पट्ट्या दाखवल्या, ४६ आणि ५० दाखवले. त्यानं सगळं नीट समजून घेतलं आणि तरी मान हलवली. त्याला दोष देता येईना. खरं सांगायचं तर मलाही ते संथ नाना सोडवत नव्हते. चुकीच्या वेगानं अभंगाला एक भारदस्तपणा आला होता आणि तो भारदस्तपणा कुणी गायलेलाच नव्हता. गणित माझ्या बाजूनं होतं, पण असल्या खटल्यात गणिताला शेवटचा शब्द देऊन चालत नाही.

नानांच्या मागे उभे राहून टाळ धरणारे एक आबा असोद्यात आहेत. त्यांच्याकडे गेलो. मंदिराच्या ओट्यावर मोबाइलवरच आधी सीडीतलं लावलं. ते ऐकत राहिले, हात मांडीवर. मग दुरुस्त केलेलं लावलं. दुसऱ्या चरणाला त्यांची बोटं मांडीवर वाजायला लागली, तिसऱ्याला ते हसले. ‘आता बरोबर हाये,’ म्हणाले. ‘नानाले दम निघे नही. पखवाजवाला मांगे मांगे पये.’ पुतण्या शेजारी बसला होता. त्यानं दोन्ही फाइली ठेवल्या. एकीला नाव दिलं ‘नाना’ आणि दुसरीला ‘नाना सीडीवाले’. माझ्या मते हा निवाडा अगदी योग्य होता.

एका सप्ताहातल्या भजनात हे दोन आकडे भांडत का बसले, त्याचं मूळ फार लांब आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी कंपन्यांना डिजिटल आवाज साठवायला जागा हवी होती, आणि एवढे आकडे मावतील अशी सहज मिळणारी वस्तू म्हणजे व्हिडिओ टेप. मग आवाजाचे आकडे टीव्हीच्या चित्राच्या ओळींत दडवायचे ठरलं. दर ओळीत तीन आकडे, अर्ध्या चित्रात उपयोगी ओळी २४५, आणि अशी अर्धी चित्रं सेकंदाला ६०. गुणाकार करा, ४४,१०० येतात. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या टीव्हीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं, उपयोगी ओळी २९४. तीन गुणिले २९४ गुणिले ५०, पुन्हा ४४,१००. दोन्ही जगांना चालणारा आकडा सापडला आणि १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीनं तो कायमचा केला. आकडा आहे मोठा देखणा. २, ३, ५ आणि ७ या पहिल्या चार मूळ संख्यांचा गुणाकार २१०, आणि २१० चा वर्ग ४४,१००. सिनेमावाल्यांना मात्र तो जमेना. सेकंदाला २४ चित्रं असतील तर दर चित्राच्या वाट्याला १,८३७ आणि अर्धा आकडा येतो. अर्ध्याचं काय करायचं? ४८,००० चे बरोबर दोन हजार होतात. म्हणून सिनेमा आणि व्हिडिओच्या जगानं ४८,००० धरले. तेव्हापासून कॅमेरा एक बोलतो आणि सीडी दुसरं, आणि गावोगावच्या शूटिंगवाल्यांच्या कॉम्प्युटरमध्ये त्यांची गाठ पडते.

या दोहोंचं प्रमाण १६० ला १४७ असं येतं, म्हणजे १.०८८. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर षड्जापासून कोमल रिषभ साधारण १.०६७ वर, शुद्ध रिषभ १.१२५ वर. म्हणजे चुकलेला सा खऱ्या सापासून या दोन रिषभांच्या मधल्या कुठल्यातरी अंतरावर जाऊन बसतो, जिथं पेटीला पट्टी नाही. याउलट काही चुका सुरेल असतात. छोट्या व्हिडिओ कॅसेटांवर ३२,००० च्या दरानं आवाज घेण्याचीही सोय असे. तो ४८,००० नं वाजवला तर प्रमाण येतं तीनास दोन, म्हणजे अचूक पंचम. २२,०५० चा ४४,१०० नं वाजवला तर सरळ तार षड्ज. बुवांचं पोर होतं, मांडवातले सगळे हसतात, आणि चूक त्याच दिवशी दुरुस्त होते. घरात टिकून राहते ती दीड पट्टीची. माणसाला तेवढंच बदलते, जेवढं पटण्यासारखं असतं.

तिकडे पश्चिमेत, जिथं सूर कागदावर ठरलेला असतो तिथंही, असलं काही लपून राहतं. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जाझची बहुधा सगळ्यात गाजलेली तबकडी. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये तिचं पहिलं मुद्रण झालं तेव्हा मुख्य टेप यंत्र किंचित हळू फिरत होतं. टेपवर हळू भरलेलं नीट वेगानं वाजवलं, की सूर चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या सुरात जगभर गेल्या. शेजारी राखीव म्हणून चाललेलं दुसरं यंत्र नीट होतं. त्याच्या टेपवरून १९९२ साली दुरुस्त आवृत्ती निघाली. मधे तेहतीस वर्षं गेली. आपल्याकडच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांचं तर विचारूच नका. त्यांना सरसकट ‘अठ्ठ्याहत्तर’ म्हणतात, पण सुरुवातीच्या काळात मिनिटाला नक्की किती फेरे, यावर कुणाचं एकमत नव्हतं, आणि ग्रामोफोनला किल्ली किती दिलेली आहे यावरही थोडं असायचंच. मरत्या सेलवर रेकॉर्ड केलेली कॅसेट नवे सेल घालून वाजवली, की घरातली सगळी माणसं भरभर बोलायला लागतात, हे तर माझ्या वयाच्या प्रत्येकानं अनुभवलंय.

दराची एवढी उघड चूक नसते तेव्हा दुसरं एक बारीक दुखणं असतं. बैठकीत एक रेकॉर्डर मिक्सरला जोडलेला, दुसरा प्रेक्षकांत स्टँडवर, शिवाय कुणाचा तरी मोबाइल. तिन्ही ४८,००० वर लावलेले. तरी प्रत्येकाच्या पोटात त्याचं स्वतःचं क्वार्ट्झचं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दशलक्षात वीसचा फरक म्हणजे घड्याळ चांगलंच म्हणायचं, पण तासाभरात तो ७२ मिलिसेकंदांवर जातो. आलापात कुणाला कळत नाही. द्रुत सुरू झालं, की तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. त्यात खान्देशचा उन्हाळा. क्वार्ट्झचा वेग तापमानानं थोडा बदलतो. मे महिन्यात पत्र्याच्या मंडपात ठेवलेला रेकॉर्डर आणि कुणाच्या खिशातला मोबाइल एकाच तापमानात नसतात.

इथं एक गोष्ट पारखावी लागते. मागे राहिलेला आवाज अंतरामुळं मागे आहे, की घड्याळामुळं? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रेकॉर्डर रंगमंचापासून १७ मीटरवर असेल, तर तो ५० मिलिसेकंद मागे असणारच, पहिल्या मिनिटालाही आणि शेवटच्याही. तेवढं सरकवलं की झालं. घड्याळाचं अंतर मात्र वाढत जातं. सुरुवातीची तबल्याची एक थाप आणि भैरवीतली एक थाप दोन्ही फाइलींत शोधायची, मधला वेळ मोजायचा, भागाकार करायचा आणि त्या प्रमाणात एक फाइल संपूर्ण ताणायची. दशलक्षातले वीस-तीस भाग कुठल्याही कानाला सुरात कळत नाहीत. पुष्कळ जण हे न करता दर पाच-दहा मिनिटांनी फाइल कापून सरकवतात. सम सांभाळायला म्हणून आलाप कापायचा, हे मला गाण्याशी केलेलं गैरवर्तन वाटतं.

असोद्यात जाताना या सगळ्याच्या पलीकडची एक गोष्ट मनात येत राहते. १८८० साली याच गावात महाजनांच्या घरी बहिणाबाई जन्मल्या, लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या, १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरोटावर म्हणजे जात्यावर, शेतात, चुलीपुढं त्या ओव्या रचत आणि म्हणत. मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावानं जे कागदावर उतरवलं तेवढं वाचलं. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली छापून आली. बाईंच्या हयातीत ग्रामोफोन होता, १९२७ पासून मुंबईला रेडिओ होता. पण ती यंत्रं असोद्याच्या किंवा चौधरी वाड्याच्या घरोटापर्यंत कशाला येतील? त्यामुळं आपल्याकडे शब्द आहेत, आणि नंतरच्या संगीतकारांनी लावलेल्या चाली आहेत. त्यांतल्या काही फार गोड आहेत. पण बाई स्वतः कुठल्या सुरात, किती भरभर म्हणत होत्या? दादर ज्वारी दळताना आणि बाजरी दळताना त्यांची लय एकच राहत असेल का? कागदाला दर नसतो. शब्दांचा प्रत्येक वाचक स्वतःच्या वेगानं त्यांना वाजवतो, आणि शहरात वाचणारे आपण बहुतेक जण, माझा अंदाज आहे, सीडीवाल्या नानांसारखंच फार संथ, फार गंभीर वाजवतो. राबणाऱ्या बाईला एवढी सवड कुठली?

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत महाराष्ट्रानं एक मोठं काम नंतर केलंही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या संस्थेतून गावोगावच्या बायकांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले आणि डॅट या डिजिटल कॅसेटवर त्यांनी त्यांतल्या पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या कुणालाही ऐकता येतात. त्या ऐकताना माझं लक्ष बाईच्या आवाजाइतकंच दगडाच्या घरघरीकडे जातं. जात्याला ५० हर्ट्झचं बंधन नाही, पेटीची पट्टी नाही. असलं एखादं मुद्रण कुणाच्या हातून चुकीच्या दरानं उतरलं, तर विजेची घुमघुम नसलेल्या त्या ओसरीत माझी सगळी हत्यारं बोथट ठरतील. सांगू शकेल ती त्याच जात्याचा खुंटा समोरून धरणारी बाई. आबांसारखीच.

म्हणून माझ्या मते या कामात कॉम्प्युटर दुय्यम आहे. माणसं हयात असताना विचारून घेणं हे मुख्य. फाइल पन्नास वर्षांनीही दुरुस्त करता येईल, आकडे कुठं जात नाहीत. पण ‘नानाले दम निघे नही’ हे सांगणारा माणूस तेव्हा ओट्यावर नसेल.

गाणाऱ्याची ओळख मुद्रणातच ठेवून देण्याची युक्तीही जुनीच आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्गनं कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपलं, की ती इंग्रजीत स्वतःचं नाव ओरडून सांगायची. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना लेबल लावताना गाणारी कोण ते कळावं, म्हणून ही सोय. सव्वाशे वर्षांनंतरही त्या तबकड्यांवरचं नाव कुणी बदलू शकत नाही, कारण ते आवाजातच आहे.

तेव्हा तुमच्या गावात यंदा सप्ताह असेल, भजनाची बारी असेल, घरात कुणाची बैठक असेल, तर एवढं करा. रेकॉर्डिंग सुरू झालं, की आधी माइकमध्ये तारीख आणि गाव बोला. गाणाऱ्यांना त्यांचं नाव आणि ‘पांढरी चार’ किंवा काय असेल ती पट्टी स्वतःच्या तोंडानं सांगू द्या. पेटीवाल्याला ती पट्टी दहा सेकंद एकटी धरून ठेवायला सांगा. दोन यंत्रं असतील तर सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवा. कॅमेऱ्याचा दर कागदावर लिहून ठेवा, ४४.१ की ४८. मूळ कार्ड पुसू नका, कॅसेट फेकू नका. आणि जुनी सीडी घरात असेल, तर तिच्यातला सा या रविवारी पेटीवर शोधून बघा. तो पट्ट्यांच्या मधे सापडला तर त्या बुवांच्या मागे टाळ धरणारं कुणी गावात आहे का, ते आधी विचारा, आणि मग कॉम्प्युटर उघडा.